पाणी ओतून न देता

नाशिकच्या अंबडमधल्या कारखान्यांना सुट्टी असली की इथल्या मोटारसायकली अंजनेरी, हरिहर या किल्ल्यांच्या वाटेला लागतात. पाठपिशवीत हल्ली पास्त्याचा पुडाही असतो. तीन दगडांची चूल, एक पातेलं आणि त्यातच सगळं.

ही रीत आपल्याला नवी नाही. चकोल्या म्हणा की वरणफळं, कणकेचे शंकरपाळ्यासारखे तुकडे उकळत्या वरणात सोडायचे आणि तिथेच शिजू द्यायचे. कणकेतला स्टार्च वरणात उतरतो, रस्सा दाट होतो. एका भांड्यातल्या पास्त्याचं गुपितही हेच. पाणी ओतून दिलं तर चवही गेली आणि डोंगरावर पाठीवरून वाहून नेलेलं पाणीही.

मात्र वरण खळखळत असावं, तुकडे एकेक करून सोडावेत, नाहीतर गोळा होतो. कळसूबाईच्या माथ्यावर, १६४६ मीटर उंचीवर, पाणी ९५ अंशांच्या आसपासच उकळतं. तिथे तूरडाळ शिजेपर्यंत भुकेनं जीव जातो! मसूर किंवा मूग बरा. पातेल्याच्या बुडाला बाहेरून ओल्या मातीचा लेप दिला की काजळी घासत बसावं लागत नाही. ज्वाळेपेक्षा निखारा कामाचा, ज्वाळा फोटोपुरती.

आणि चूल कुठे पेटवायची? डोंगरउतारावरच्या वाळल्या गवतात तर मुळीच नाही. उन्हाळ्यात एक ठिणगी पुरते. पायथ्याच्या गावात ओळख काढा. मोकळं अंगण मिळेल, सरपण मिळेल, आणि फोडणीला लसूण कमी पडला तर तोही.