खंडू आणि मल्हार

लग्नपत्रिका वरून खाली वाचावी. बदलापूर पश्चिमेला मांजर्लीत, जुन्या घरांतून येणारी पत्रिका म्हणजे पाच पिढ्यांचं हजेरीपुस्तकच. वर कुलदैवतं. त्यांच्या खाली 'कै.' लागलेले पणजोबा-पणजी: चांगो, बामा, पदू, हिराबाई, ठकूबाई. मग आशीर्वाद देणारे आजोबा: पांडुरंग, काशिनाथ, तुकाराम. मग काका, मामा, आत्या: संजय, सुनील, सुरेखा, अनिता. मधोमध ठसठशीत अक्षरांत अक्षय आणि मयुरी. आणि अगदी तळाला, 'आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं!' या ओळीखाली शिवांश, रियांश, आरव, अन्वी, स्वरा, कियारा.

त्या तळातल्या ओळीनंतर पुढची ओळ कोणती येणार, हा प्रश्न मला कुतूहलापुरता वाटत नाही. बाळाचं नाव ठरवताना घर आपल्या आठवणीतलं काय पुढे न्यायचं आणि काय इथेच ठेवायचं, हे ठरवत असतं. त्यावर घरात चर्चा क्वचित होते. निर्णय मात्र होतो, आणि तो पत्रिकेत छापून येतो.

अमेरिकेत सोशल सिक्युरिटी खातं १८८० पासूनच्या जन्मांची नावं वर्षवार प्रसिद्ध करतं, त्यामुळे तिथल्या अभ्यासकांना नावांचे चढउतार मोजता येतात. आपल्याकडे १९६९ च्या कायद्यानं जन्मनोंदणी सक्तीची केली, पण नोंदवहीतल्या नावांची अशी यादी लोकांपुढे येत नाही. म्हणून आपल्याला पत्रिका वाचायच्या, पहिल्या वाढदिवसाचे चौकातले फलक वाचायचे, आणि संध्याकाळी इमारतीखाली खेळणाऱ्या पोरांना गॅलरीतून मारलेल्या हाका ऐकायच्या.

नावं प्रसिद्ध माणसांवरून पडतात, असं सगळेच म्हणतात. ते फार थोडं खरं आहे. सचिन तेंडुलकर १९७३ साली जन्मला आणि वडिलांनी त्याचं नाव संगीतकार सचिन देव बर्मन यांच्यावरून ठेवलं. १९८९ मध्ये तो कसोटी खेळायला उतरला तेव्हा मराठी शाळांच्या वर्गांत सचिन होतेच. तो त्या पिढीतला एक होता. त्याचं शंभरावं शतक झालं २०१२ साली. त्यानंतर जन्मलेला एकही सचिन मला मांजर्लीत भेटलेला नाही. ज्याला देव मानलं त्याचंही नाव कुणी पाळण्यात घातलं नाही, कारण तोवर ते काकांचं नाव झालं होतं. २०१६ च्या 'सैराट'नं आर्ची आणि परश्या घराघरांत नेले, पण अर्चना आणि प्रशांत ही नावं त्यांच्या जोरावर परत आली नाहीत. उलट आराध्या हे नाव २०११ नंतर जोरात चाललं, बच्चन कुटुंबातल्या नातीमुळे, असं म्हणतात. पण आर्या, आरोही, आरुष, आरव अशी 'आ' नि 'र'नं सुरू होणारी नावं आधीच लोकांच्या कानात बसली होती. वारा आधीच सुटलेला होता.

स्टॅन्ली लीबरसन या अमेरिकी समाजशास्त्रज्ञानं २००० साली नावांच्या फॅशनवर एक सबंध पुस्तक लिहिलं. त्याचं म्हणणं असं की, नावांची आवड बाहेरच्या घटनांपेक्षा आतल्या आत, कालच्या नावापासून थोडंसं सरकत बदलते. २००५ च्या कतरिना वादळानंतर तिकडे 'क'च्या आवाजानं सुरू होणारी नावं सुमारे नऊ टक्क्यांनी वाढल्याचं जोना बर्जर आणि त्यांच्या सहकाऱ्यांना आढळलं. वादळाचं नाव मुलीला कोण ठेवील? पण महिनोन्महिने कानावर पडलेला आवाज आपलं काम करून गेला होता. याच बर्जर यांनी २००९ मध्ये आणखी एक गोष्ट दाखवली: जी नावं झपाट्यानं वर चढतात ती तितक्याच झपाट्यानं टाकली जातात. ही कसोटी आपल्याकडे लावली तर शिवांश, रियांश, अयांश या 'आंश'च्या कुटुंबाचं भविष्य सांगायला ज्योतिषी लागत नाही. ही मुलं कॉलेजात जातील तेव्हा नवे आईबाप त्या शेवटापासून लांब पळत असतील. मधुकर, सुधाकर, प्रभाकर, दिवाकर यांचं हेच झालं. एके काळी 'कर'वर संपणारं नाव म्हणजे शिकल्यासवरल्या घराची खूण होती. आज तसं नाव पाळण्यात ऐकू येत नाही.

नावाला पुढच्या पिढीत जायला दोन दरवाजे ओलांडावे लागतात. पहिला आवाजाचा, आणि तो फार कडक आहे. तळातल्या ओळीतली नावं मोठ्यानं वाचून पाहा. ट, ठ, ड, ढ, ळ यांतलं एकही अक्षर त्यांत सापडत नाही. पांडुरंग, विठ्ठल, पुंडलिक, धोंडू, गोपाळ, काळू या अक्षरांवरच उभे होते. इंग्रजी शाळेच्या प्रवेश अर्जावर 'ळ' लिहिता येत नाही, हे एक कारण आहेच. पण कानाचीही सवय बदलली आहे. नाव जिभेला न अडखळता सुटलं पाहिजे, असं आता वाटतं. आमच्यापासून एका स्टेशनावर अंबरनाथचं शिवमंदिर आहे. तिथल्या १०६० च्या शिलालेखात ज्याचं नाव आहे तो शिलाहार राजा मुम्मुणि, त्याच्या वंशातले झंझ, वज्जड, छित्तराज. राजे असूनही ही नावं या दरवाज्यातून आत येणार नाहीत. त्याच घराण्यातला अपरादित्य मात्र उद्या एखाद्या टॉवरमधल्या फ्लॅटच्या पाटीवर दिसला तर मला नवल वाटणार नाही.

दुसरा दरवाजा अंतराचा. आईबाप आपल्या आईबापांच्या पिढीची नावं ठेवत नाहीत, कारण त्या नावांना अजून त्या माणसांचा चेहरा असतो. सुनीता म्हटलं की मावशी समोर उभी राहते. पण पणजीला पाहिलेलं कुणी उरत नाही, आणि तेव्हा तिचं नाव मोकळं होतं. अमेरिकेत एमा हे नाव १८८० च्या सुमारास पहिल्या काही नावांत होतं, १९७० च्या दशकात पार मागे पडलं आणि २००८ साली पहिल्या क्रमांकावर आलं. आपल्याकडे रमा, राधा, शरयू, सई, माधव, केशव, राघव हे असेच परत आले आहेत.

हे दोन दरवाजे धरून नावांचा अंदाज बांधता येईल, असं वाटतं. मांजर्लीत मात्र तो हिशेब जुळत नाही, आणि न जुळण्याचं कारण आपण नीट बघायला हवं.

इरा हे नाव सध्या चलतीत आहे. छोटं, मऊ, 'आ'वर संपणारं. हिरा हे नाव त्याच्यापासून एका 'ह'इतकं दूर आहे. अर्थ उघड, उच्चार सोपा, पणजीच्या पिढीतलं, म्हणजे दोन्ही दरवाजे उघडे. हिराबाई बडोदेकरांसारख्या थोर गायिकेचं नाव. तरी मांजर्लीच्या पत्रिकेत हिराबाई वर 'कै.'सकट आहेत आणि खाली हिरा नाही. जनीचंही तेच. संत जनाबाईंचं नाव, दोन अक्षरं, अन्वीइतकंच हलकं. तेही पाळण्यात नाही.

याचं सर्वांत स्पष्ट उदाहरण खंडोबाचं आहे. इथल्या कितीतरी घरांचं ते दैवत. त्याच्यावरून पणजोबा खंडू झाले, शेतावर गेले, भात लावलं, भाताच्या जमिनीवर इमारती उभ्या राहिलेल्या पाहून गेले. त्याच देवाचं दुसरं नाव मल्हारी. आज मल्हार हे देखणं, सुसंस्कृत, रागदारीचा सूर लागलेलं नाव म्हणून डोंबिवली-पुण्याच्या घरांत मानानं ठेवलं जातं. आणि खंडूच्या पणतवंडाचं नाव ठरवताना मल्हार सुचतो, तेव्हा तो 'नवीन नाव' म्हणून सुचतो. देव तोच आहे, घरही तेच आहे, पण नाव शहराला वळसा घालून परत आलं आहे. खंडूतला 'ड' कानाला जड जातो, हे मला मान्य आहे. पण हिरात काय जड आहे?

जड आहे ते नाव धारण करणाऱ्याचं काम. ज्यांची पणजी वाड्यात होती, तिचं नाव जुनं होऊन सुंदर झालं. ज्यांची पणजी चिखलात लावणीला उभी होती, तिचं नाव नुसतंच जुनं राहिलं. बदलापूरच्या आसपासच्या कातकरी आणि ठाकर वस्त्यांत जन्मवारावरून नावं ठेवायची रीत होती, बुध्या, मंगळी, सोमी. त्या नावांना तर जुनं होण्याची मधली पायरीसुद्धा मिळाली नाही. शाळेच्या दाखल्यावर पहिल्याच दिवशी त्यांच्या जागी दुसरी नावं लिहिली गेली.

सगळीच जुनी नावं परत यावीत, असं मी म्हणणार नाही. २०११ साली सातारा जिल्ह्यात 'नकोशी' असं नाव ठेवलेल्या दोनशे ऐंशीहून अधिक मुलींना समारंभानं नवी नावं दिली गेली. ते नाव पुन्हा कुणाच्या वाट्याला येऊ नये. धोंडू, दगडू, केरू ही नावं वेगळी. मूल जगावं, दृष्ट लागू नये म्हणून भीतीनं ठेवलेली, आणि ती सगळ्याच समाजांत होती. महर्षी कर्व्यांचं नाव धोंडोच होतं. ती भीती गेली, नावं गेली, बरं झालं.

नावांची वाट नुसत्या सरकत्या आवडीनं ठरत नाही, ती ठरवूनही बदलता येते, याचा मोठा पुरावा महाराष्ट्रानंच दिला आहे. बाबासाहेबांनी मुंबईत १९४६ मध्ये सिद्धार्थ महाविद्यालय काढलं, औरंगाबादेत १९५० मध्ये मिलिंद. १९५६ साली नागपुरात धम्मदीक्षा झाली. त्यानंतर दीक्षा घेतलेल्या घरांच्या पाळण्यांत सिद्धार्थ, राहुल, मिलिंद, आनंद, सुजाता, प्रज्ञा, संघमित्रा आले. गावानं लादलेली, हिणवणारी नावं एका पिढीत मागे पडली. आवाजांचा कुठलाही आलेख आधी मांडून हे कुणाला सांगता आलं नसतं. आज राहुल, मिलिंद, सुजाता कुठल्याही समाजात भेटतात आणि सम्यकसारखं नाव त्याच वाटेनं पुढे चाललं आहे. ज्यांना सुंदर नावाचा हक्क नव्हता, त्यांनी तो कुणाची परवानगी न मागता घेतला.

आता पुन्हा पत्रिकेकडे. १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या मुलांच्या पूर्ण नावात, राज्य सरकारच्या निर्णयानुसार, मुलाच्या नावानंतर आईचं नाव येतं, मग वडिलांचं, मग आडनाव. म्हणजे आजच्या शिवांशच्या प्रत्येक दाखल्यावर एखादी मयुरी, स्नेहल किंवा ऋतुजा कायमची असणार. आजवर आजीचं नाव निवडणूक ओळखपत्रावर आणि पणजीचं पत्रिकेतल्या 'कै.'पुढे, एवढ्यावरच संपत होतं. पुढच्या पिढ्यांना घरातल्या बायकांची नावं शोधावी लागणार नाहीत. ती हाताशी असतील. याचा पाळण्यावर परिणाम होईल, असं मला मनापासून वाटतं.

म्हणून माझा अंदाज असा. 'आंश' जाईल, आणि लवकर. मुलींची दोन अक्षरी, 'आ'वर संपणारी नावं टिकतील, फक्त त्यांची सुरुवात आताच्या स्वरांकडून 'ह', 'ज', 'व' अशा अक्षरांकडे सरकेल. येत्या दहा-पंधरा वर्षांत हिरा परत येईल. ती बहुधा आधी पुण्यात किंवा न्यूजर्सीतल्या एखाद्या मराठी घरात येईल, कुणीतरी तिचं कौतुक करील, आणि मग ती मांजर्लीत पोचेल. ती उलट दिशेनं जावी, अशी माझी इच्छा आहे. इथल्या एखाद्या घरात बारशाच्या दिवशी आत्यानं बाळाच्या कानात हिरा म्हणावं, पत्रिकेतल्या वरच्या ओळीतली हिराबाई कोण होती ते जमलेल्यांना सांगावं, आणि पुणेकरांनी ते नाव आमच्याकडून न्यावं. पत्रिका छापायला जाण्याआधी नावं तपासायला बसलेल्या घरातल्या थोरल्यांना मी हे सांगत असतो. ऐकणारे ऐकून घेतात, आणि परवा एका तरुण आईनं विचारलं की हिराबाईंच्या आईचं नाव काय होतं. ते घरात कुणाला सांगता आलं नाही. मामलेदार कचेरीत जुने फेरफार आणि वारसनोंदी असतात. तिथे विचारून पाहा, असं मी तिला सांगितलं आहे.