बदली वैद्य आणि आप्तत्वाचा प्रश्न

नेहमीचा डॉक्टर रजेवर असताना त्याच्या खुर्चीत बसलेल्या बदली डॉक्टरवर रुग्णाने कशाच्या आधारावर विश्वास ठेवावा, हा प्रश्न वरवर व्यवहाराचा वाटला तरी मुळात तो प्रमाणशास्त्राचा, म्हणजे ज्ञान खरे कशामुळे ठरते याचा विचार करणाऱ्या शास्त्राचा आहे. गौतमाच्या न्यायसूत्रांत वेदाचे प्रामाण्य सिद्ध करताना आयुर्वेदाचाच दाखला दिला आहे. आयुर्वेद विश्वसनीय, कारण त्याचा उपदेशक 'आप्त' आहे. विषयाचे साक्षात ज्ञान, प्राणिमात्रांविषयी दया आणि जसे आहे तसे सांगण्याची इच्छा ही आप्ताची लक्षणे भाष्यकार वात्स्यायन सांगतो.

चरकसंहितेच्या सूत्रस्थानात, अकराव्या अध्यायात, वैद्यांचे तीन प्रकार येतात. औषधांची भांडी, पोथ्या आणि आव एवढ्यावर वैद्य म्हणवणारा तो 'छद्मचर'. नामांकितांच्या नावावर स्वतःचे नाव चालवणारा तो 'सिद्धसाधित'. आणि ज्ञान व प्रयोग या दोहोंत मुरलेला तो खरा वैद्य. यांतला दुसरा प्रकार विचाराला अवघड आहे, कारण बदली डॉक्टर कितीही जाणता असला तरी पहिल्या भेटीत पाटीवरच्या दुसऱ्याच्याच नावावर त्याचे काम सुरू होते. तथापि चरकाचा आक्षेप उसन्या जागेला नाही. अंगी त्या नामांकितांचे गुण नसताना नाव मिरवण्याला आहे.

एकोणतिसाव्या अध्यायातले 'रोगाभिसर' वैद्यांचे, म्हणजे रोगाचीच बाजू बळकट करणाऱ्यांचे, वर्णन तर आजही ओळखीचे वाटावे: कोणी आजारी पडल्याचे कळताच ते भोवती घुटमळतात, आधीच्या वैद्याचे दोष काढतात, रुग्णाच्या मित्रांना वश करतात, काम हाती आल्यावर अज्ञान झाकण्यासाठी इकडेतिकडे पाहत राहतात आणि अपयश आले की रुग्णापाशी साधने नव्हती, संयम नव्हता असे सांगतात. अशांचा संचार राजाच्या प्रमादामुळे होतो, असेही चरक बजावतो; आजची वैद्यक परिषदेकडील नोंदणी ही त्याच जबाबदारीची आधुनिक व्यवस्था होय.

नोंदणीने पात्रता कळते, आप्तत्व नव्हे. शास्त्राचे निर्मळ ज्ञान, पुष्कळ प्रत्यक्ष अनुभव, दक्षता आणि शुचिता हे चरकाने नवव्या अध्यायात सांगितलेले वैद्याचे चार गुण एका भेटीत पारखता येत नाहीत. परंतु जुने अहवाल पाहिल्याशिवाय चालू गोळी बदलणार नाही, असे स्पष्ट सांगणाऱ्या बदली डॉक्टरमध्ये आप्ताचे तिसरे लक्षण तेवढ्यापुरते दिसते. अर्थात प्रामाणिक अज्ञानी हाही आप्त नव्हे, म्हणून हा विश्वास तात्पुरताच राहतो. आणि वात्स्यायनाची युक्तीही आयुर्वेदाच्या दिसलेल्या फळावरून वेदाच्या न दिसलेल्या फळाकडे जाणारी असल्यामुळे, पहिल्या औषधाचा गुण येण्यापूर्वी रुग्णाकडून त्याहून अधिक विश्वासाची अपेक्षा धरता येत नाही.