मांजरीचं पिल्लू आणि देवाची कृपा
मांजर पिल्लाची मानगूट तोंडात धरते, तेव्हा पिल्लू अंग सैल सोडतं. माकडाचं पिल्लू मात्र आईच्या पोटाला स्वतः घट्ट बिलगतं. रामानुजांच्या श्रीवैष्णव परंपरेतली दोन मतं याच दाखल्यांनी ओळखली जातात. पिळ्ळै लोकाचार्यांना मानणारे तेंकलै मार्जारन्याय सांगतात: देवच उचलतो. वेदान्तदेशिकांचे वडकलै मर्कटन्याय सांगतात: भक्तानेही धरायला हवं.

घरात दोन्ही खरं ठरतं.

तान्ह्याला आई उचलते. चालू लागलेलं मूल तिचा पदर धरतं. पिल्लू पडद्यावर चढतं, दूध सांडतं, पोरं त्याच्यामागे धावतात. अशा खोडकरांना मायेसाठी आधी शहाणं व्हावं लागत नाही, हे मार्जारन्यायाचं बळ. वेदान्तदेशिकही कृपेलाच मुख्य मानतात. भक्ताचं शरण जाणं हे त्यांच्या मते केवळ निमित्त.