गप्प बसणं म्हणजे मौन का?



आज गीता, अध्याय 17, श्लोक 15-16. पंधराव्यात वाणीचं तप आहे: सत्य, प्रिय, हिताचं, उद्वेग न देणारं बोलणं. सोळाव्यात मनाचं तप, आणि मौन येतं ते इथे. वाणीच्या यादीत नाही, मनाच्या यादीत! मी इथेच अडकलो.

कारण घरच्या पीसीचं ग्राफिक्स कार्ड जातंय. अर्धा तास लोड आला की स्क्रीनभर रंगीत चौकोन. तापून-गार होऊन चिपखालचं सोल्डर तडकलं की असं होतं. हीट गन मारली तर काही दिवस चालतंही. नव्या कार्डाचं बजेट तंग. जुनं 'चालू' म्हणून विकलं तर दोन मिनिटांच्या टेस्टमध्ये कुणाला कळणार? त्याने विचारलं नाही, मी सांगितलं नाही. खोटं कुठे बोललो?

सप्टेंबर 2022 मध्ये इथेरियमचं मायनिंग थांबलं, तेव्हा दिवसरात्र राबलेली कार्डं अशीच सेकंडहँड बाजारात आली. सगळी खराब नव्हती हो, पण घेणाऱ्याला कळायला हवं ना.

सोळाव्या श्लोकात मौनासोबतच भावसंशुद्धी आहे, म्हणजे आतला हेतू स्वच्छ असणं. माझ्या गप्प बसण्याचा हेतू दोन हजार रुपये. मग ते मौन कसलं? आणि घेणारा बहुधा नाशिकमधलाच कुणी कॉलेजचा मुलगा, पैसे साठवून आलेला.

कार्ड 'खराब, पार्ट्ससाठी' म्हणून देतोय. प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स आहे (इंटेलचं एफ मॉडेल असतं तर तेही नसतं), केबल मदरबोर्डला लावली. गेम बंद, कोडिंग चालू.