शनिवार तेल्यांचा शनिवार, खंडोबाचा रविवार

सप्टेंबर १८८४मध्ये मुंबईत परळला गिरणी कामगारांच्या सभा भरल्या आणि त्यांतून मालकांना व सरकारला द्यायचा एक अर्ज तयार झाला. त्यावर सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्या होत्या. पगार वेळेवर मिळावा, कामावर जखमी झालेल्याचा पगार कापू नये, कामाचा दिवस सूर्यास्ताला संपावा, या मागण्यांच्या जोडीला आणखी दोन मागण्या होत्या. रविवारची सुट्टी हवी आणि दुपारी अर्धा तास विश्रांती हवी.

अर्धा तास म्हणजे केवढासा वेळ! पण त्या वेळची गिरणी डोळ्यांपुढे आणली की या मागणीचे वजन कळते. विजेचे दिवे यायचे होते, त्यामुळे गिरणी सूर्याच्या तालावर चाले. उन्हाळ्यात दिवस तेरा-चौदा तासांचा होई. वाफेचे इंजिन धडधडत असेपर्यंत पट्टे फिरत राहत आणि पट्टे फिरत असेपर्यंत साचे. कामगाराला भूक लागली म्हणून इंजिन थांबत नसे. शेजारच्याला ‘जरा बघ रे’ सांगायचे, कोपऱ्यात बसून भाकरी खायची, तंबाखू मळायची आणि मुकादमाची नजर पडायच्या आत परत साच्यावर उभे राहायचे. मालक म्हणत, हिंदुस्थानी कामगार जात्याच आळशी, सारखा बाहेर रेंगाळतो. पुढे १९०८च्या फॅक्टरी कामगार आयोगापुढेही या रेंगाळण्याची चर्चा झाली आणि लांबलचक कामाच्या तासांशी त्याचा असलेला संबंध नोंदवला गेला. इतके तास सलग काम कोणाच्याही देहाला झेपत नाही. हक्काची विश्रांती मिळाली नाही, तर देह ती चोरून घेतो.

या लढ्याचे पुढारी नारायण मेघाजी लोखंडे हे सत्यशोधक, जोतीराव फुल्यांचे सहकारी आणि ‘दीनबंधु’चे संपादक. गिरणीत स्टोअरकीपर म्हणून काम केलेले असल्यामुळे आतली हालत त्यांना ऐकून नव्हे, पाहून ठाऊक होती. रविवारच्या सुट्टीसाठी त्यांनी केलेला युक्तिवाद आजही सांगितला जातो. सहा दिवस माणूस मालकासाठी राबतो, सातवा दिवस त्याला समाजासाठी आणि स्वतःसाठी मिळाला पाहिजे. शिवाय रविवार हा खंडोबाचा वार आहे. सरकारी कचेऱ्या रविवारी बंद असत, पण ती राज्यकर्त्यांच्या चर्चची सुट्टी होती. लोखंड्यांनी तोच वार उचलला आणि त्याचे तोंड जेजुरीकडे वळवले. घाटावरून आलेल्या कामगाराला इंग्रजांचा कायदा कळो न कळो, रविवारी भंडारा उधळायचा असतो, हे त्याला पाठ होते.

एप्रिल १८९०मध्ये महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर सुमारे दहा हजार कामगार जमले. त्या सभेत दोन स्त्री कामगारही बोलल्या. १० जून १८९० रोजी मालकांच्या संघाने रविवारची सुट्टी मान्य केली. पुढच्याच वर्षीच्या फॅक्टरी कायद्याने आठवड्याची सुट्टी आणि दुपारचा अर्धा तास या दोन्ही गोष्टींना कायद्याचा आधार दिला.

लोखंड्यांच्या मांडणीत खंडोबा केवळ युक्ती म्हणून आला होता का? तसे मानणे त्यांच्यावर अन्याय करणारे आहे. विश्रांती का हवी, या प्रश्नाला दोन उत्तरे देता येतात. एक म्हणजे, थकलेला माणूस काम नीट करत नाही, म्हणून त्याला थांबू द्यावे. दुसरे म्हणजे, माणूस कामासाठी जन्मलेला नाही, म्हणून त्याला थांबू द्यावे. पहिले उत्तर मालकाला चटकन पटते. दुसऱ्याला देव लागतो, निदान देवाइतके मोठे काहीतरी लागते.

हा वाद लोखंड्यांच्या फार आधीपासून चालू आहे. ॲरिस्टॉटलने नीतिशास्त्रावरच्या ग्रंथाच्या दहाव्या भागात म्हटले आहे की माणूस अखंड श्रम करू शकत नाही, म्हणून विरंगुळा हवा. पण विरंगुळा हे साध्य नव्हे, पुन्हा कृतीला लागण्यासाठी तो असतो. रोमन काळात ज्यूंच्या शब्बाथची, म्हणजे शनिवारच्या विश्रांतीची, टवाळी होत असे. हे लोक आयुष्याचा सातवा हिस्सा रिकामे बसून घालवतात, असा आक्षेप होता. पहिल्या शतकात अलेक्झांड्रियाचा ज्यू तत्त्वज्ञ फिलो याने त्याला उत्तर दिले की हा दिवस आळसासाठी नाही. मल्ल जसा दम घेऊन नव्या जोमाने उतरतो, तसा माणूस त्या दिवशी ताकद भरून घेतो आणि कामाला लागतो.

फिलोचे उत्तर हुशारीचे होते आणि ऐकणाऱ्यांना पटेल असेही. विसाव्या शतकात अब्राहम जोशुआ हेशेल यांनी नेमके त्यावरच बोट ठेवले. वॉर्सात जन्मलेले, नाझींच्या तावडीतून निसटून अमेरिकेत पोचलेले हे धर्मचिंतक १९५१च्या ‘द सब्बाथ’ या पुस्तकात म्हणतात की फिलोच्या तोंडून इथे ॲरिस्टॉटल बोलतो आहे, बायबल नव्हे. शब्बाथ हा उरलेल्या सहा दिवसांची बेगमी करण्यासाठी नसतो. उलट ते सहा दिवस त्या एका दिवसासाठी असतात.

हेशेल यांचे म्हणणे कोणाला टोकाचे वाटेल. पण ज्यांनी ते शतकानुशतके जगून दाखवले, अशी मराठी माणसे कोकणात होती.

बेने इस्राएल या ज्यू समाजाची परंपरा सांगते की त्यांच्या पूर्वजांचे गलबत अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर फुटले आणि वाचलेली मोजकी माणसे तिथेच राहिली. पोथ्या बुडाल्या, हिब्रू विसरली, बोली मराठी झाली, आडनावे किहीमकर, पेणकर, रोहेकर अशी गावांवरून पडली. टिकले ते थोडके: सुंता, ‘शेमा’ ही प्रार्थना, खाण्यापिण्याचे काही नियम आणि शनिवार. धंदा तेल गाळण्याचा. त्यामुळे गावाने त्यांना नाव दिले शनिवार तेली. शंकराचा वार म्हणून सोमवारी घाणा बंद ठेवणारे हिंदू तेली होते, ते सोमवार तेली. कोणत्या वारी कोण काम करत नाही, यावरून गाव या दोन समाजांना ओळखत होते.

घाणा ही थांबायला कठीण गोष्ट. मधोमध उखळ, त्यात तीळ किंवा खोबरे, त्यावर तिरकी उभी लाट, लाटेला जोडलेले आडवे लाकूड आणि ते ओढत गोल फिरणारा बैल. घेरी येऊ नये म्हणून बैलाच्या डोळ्यांवर झापड. एक घाणी निघायला बराच वेळ लागतो आणि मधेच सोडली तर माल वाया जातो. म्हणजे शनिवारी घाणा बंद ठेवायचा, तर शुक्रवारी दुपारपासूनच हिशेब करायला हवा. शेवटची घाणी कधी भरायची, पेंड कधी काढायची, बैल कधी सोडायचा, गिऱ्हाइकाला काय सांगायचे, हे सगळे आधी ठरवायचे. सूर्य मावळला की शब्बाथ सुरू.

या नियमाची एक बाजू फार मोलाची आहे. दहा आज्ञांमध्ये शब्बाथची आज्ञा एकट्या यजमानाला दिलेली नाही. मुलगा, मुलगी, दास, दासी, गुरेढोरे आणि दारात राहणारा परका, अशी यादीच तिथे आहे. ‘अनुवाद’ या पुस्तकात ही आज्ञा पुन्हा येते तेव्हा बैल आणि गाढवाचे नाव घेतले जाते आणि कारणही दिले जाते: तूही मिसरात गुलाम होतास, हे आठव. म्हणजे ही सुट्टी धन्याच्या मर्जीवर सोडलेली नाही. घाण्याच्या बैलाला शनिवारी मिळणाऱ्या मोकळीकीमागे एका गुलाम जमातीच्या सुटकेची आठवण आहे. रविवारी तेल जास्त निघते का, हे पाहून ती मोकळीक द्यायची नसते.

अर्थात रविवारी तेल जास्त निघतही असेल. पहिल्या महायुद्धात ब्रिटनमध्ये दारूगोळ्याच्या कारखान्यांनी रविवारची सुट्टी रद्द केली, तेव्हा १९१५मध्ये कामगारांच्या आरोग्यासाठी एक समिती नेमण्यात आली. सातही दिवस राबवल्याने उत्पादन त्या मानाने वाढत नाही, असे तिला आढळले आणि रविवार परत द्यावा, अशी शिफारस तिने केली. १९८०च्या दशकाच्या अखेरीस इटलीच्या फ्रान्चेस्को चिरिल्लो या विद्यार्थ्याने टोमॅटोच्या आकाराचे स्वयंपाकघरातले घड्याळ लावून पंचवीस मिनिटे अभ्यास आणि पाच मिनिटे विसावा अशी पद्धत बसवली. आज ती ‘पोमोदोरो’ म्हणून पुण्या-बंगळुरूच्या ऑफिसांत रुळली आहे. पाच मिनिटे उठून चहा घेऊन आलेला माणूस ताजातवाना होतो, हे खरेच आहे आणि ते कोणी नाकारू नये.

अडचण पुढे येते. विश्रांतीचे कारण केवळ उत्पादन असेल, तर तिचा मालकही उत्पादनच ठरतो. उद्या एखाद्या तपासणीत दिसले की पाचऐवजी तीन मिनिटे पुरतात, तर दोन मिनिटे गेली. यंत्राने माणसाची जागा घेतली आणि त्याच्या ताजेपणाची गरज उरली नाही, तर सुट्टीचा आधारच गेला. आजारी, म्हातारा, बेकार माणूस यांनी मग विश्रांती कोणत्या तोंडाने मागायची? त्यांनी तर काही ‘कमावलेले’ नाही. खंडोबाच्या वाराला असले प्रश्न विचारता येत नाहीत. तो कामचुकाराचाही असतो आणि मर मर राबणाऱ्याचाही.

धर्म आळसाचे कौतुक करतो, असा याचा अर्थ कोणी काढू नये. गीतेच्या सहाव्या अध्यायात आहार, विहार, कर्म, झोप आणि जागरण या सगळ्यांत जो नेमस्त असतो, त्यालाच योग दुःखातून सोडवतो, असे सांगितले आहे. बौद्ध परंपरेत सोण नावाच्या भिक्षूची गोष्ट आहे. चंक्रमण, म्हणजे येरझाऱ्या घालत ध्यान, करता करता त्याचे तळवे रक्तबंबाळ झाले, तरी साधना साधेना, तेव्हा घरी परत जावे असे त्याच्या मनात आले. तो पूर्वी वीणा वाजवत असे. बुद्धांनी त्याला तारांविषयी विचारले: फार ताणल्या तर सूर लागतो का? फार सैल सोडल्या तर? इथे विश्रांती कामाची दासी नाही आणि कामाची वैरीही नाही. योग्य ताणातच ती मुरलेली आहे.

वारीत हे पायांना कळते. ज्ञानेश्वर महाराजांची पालखी आळंदीहून निघते आणि पुण्यात दोन रात्री थांबते. पुढे दिवेघाटाची चढण लागण्यापूर्वी वडकी नाल्याला विसावा होतो. बाया डोईवरचे तुळशीवृंदावन उतरवतात, कोणी तळपायाचे फोड पाहते, कोणी शिदोरी सोडते. मग घाट, मग सासवडला पुन्हा मुक्काम. पण या विसाव्यांत निव्वळ पडून राहणे कमीच. टाळ वाजतात, भारूड होते, साठीच्या बाया फुगड्या घालतात. दमलेल्या पायांनी फुगडी घालणाऱ्या बाईला उद्याच्या मजलेसाठी ताकद साठवायची असती, तर ती आडवी झाली असती. पंढरपूर अजून लांब असते आणि तरीही त्या अर्ध्या तासात ती पोचलेली असते.

इथवर धर्माची बाजू उजळ दिसते. पण शब्बाथच्या त्या यादीत मुलगा आहे, मुलगी आहे, बैल आहे, बायको नाही. ती ‘तू’ या संबोधनात धरली आहे, असे टीकाकार सांगतात आणि सांगोत. शब्बाथला चूल पेटवायची नाही, म्हणून शुक्रवारी दुप्पट रांधायचे कोणी, हे मात्र त्यामुळे बदलत नाही. आपल्याकडे पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाची खांदेमळणी होते, त्याला जेवणाचे आवतण दिले जाते, दुसऱ्या दिवशी त्याच्या मानेवर जू ठेवत नाहीत. हा फार सुंदर सण आहे. त्याच दिवशी घरातली बाई पहाटेपासून पुरण वाटत असते. नागपंचमीला चिरू नये, तवा ठेवू नये, असा नेम आहे खरा. त्या दिवशी झोकाही असतो. पण उकडीची दिंडे करायची राहतातच.

१९८०मध्ये पुण्यात मोलकरणींनी संप केला, तेव्हा पगारवाढीच्या जोडीने हक्काच्या रजेचा प्रश्नही पुढे आला. २०११मध्ये आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने घरकामगारांसाठी करार क्रमांक १८९ केला. आठवड्यातून सलग चोवीस तास विश्रांती ही त्यातली एक अट आहे. भारताने तो करार अजून स्वीकारलेला नाही. ज्या शहरात लोखंड्यांनी रविवार मिळवला, त्या शहरातल्या अनेक घरांत रविवारी सगळे घरी असतात, पाहुणे येतात, भांडी वाढतात आणि म्हणून कामवाल्या मावशींना नेमके त्याच दिवशी ‘जरा लवकर या’ असे सांगितले जाते. त्यांचा वार कोणता, हे त्यांना विचारून ठरवता येईल. तो सोमवार असो की शुक्रवार. पगार न कापता तो मिळावा आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्यासाठी मोरीत दोन दिवसांची भांडी साठवलेली नसावीत.