अपयशाची वाटणी

श्रावणातील एका ओलसर संध्याकाळी माझा भाचा निपाणीहून बेळगावास आला, आणि सोप्यात टेकताक्षणीच पिशवीतले कागद काढून त्याने माझ्यापुढे ठेवले. दहावीपर्यंत मराठी शाळेत पहिल्या दोघा-तिघांत असणारा हा मुलगा पी.यू.सी.च्या पहिल्याच वर्षी विज्ञान शाखेत नापास झाला होता. ते वर्ष त्याने पुन्हा काढले, दुसरे बऱ्या गुणांनी पार पाडले आणि त्यानंतर वैद्यकीय प्रवेशाची 'नीट' परीक्षा दोनदा दिली. यंदाच्या गुणांवर कर्नाटकाच्या यादीत सरकारी जागेची आशा नव्हती. मात्र महाराष्ट्र शासन ज्या 865 गावांवर हक्क सांगते, तेथील मराठी मातृभाषेच्या विद्यार्थ्यांसाठी त्या राज्याच्या वैद्यकीय प्रवेशांत ज्या थोड्या जागा राखलेल्या असतात, त्यांपैकी एक त्यास मिळण्याचा संभव होता.

"मामा, हा अर्ज भरावा की नाही, हे मला कळेना."

"न भरण्यासारखे त्यात काय आहे?"

"सीमेने ज्यांचे नुकसान केले, त्यांच्यासाठी ती जागा. माझे नुकसान सीमेने किती केले आणि मी स्वतः किती केले, याचा हिशेब लागल्यावाचून तिच्यावर हक्क कसा सांगू?"

जन्मभर मराठी शाळेत शिकवलेल्या माझ्यासारख्या माणसाच्या ओठांवर या प्रश्नाचे उत्तर तयारच होते. मी म्हणालो, "1 नोव्हेंबर 1956 रोजी तुझ्या आजोबांना न विचारता त्यांचे राज्य बदलले. 1967 साली सीमावादावरच्या महाजन आयोगाने निपाणी महाराष्ट्रास द्यावी असे लिहिले. तो अहवाल महाराष्ट्रानेच नाकारला हे खरे, पण त्यात तुझा काय अपराध? 2004 पासून महाराष्ट्राचा दावा सर्वोच्च न्यायालयात आहे. आणि दहा वर्षे 'त्वरण' व 'पेशी' म्हणत वाढलेल्या मुलास एका उन्हाळ्यात इंग्रजी वर्गात नेऊन बसवले, तर तो अडखळणार नाही काय? नीटची प्रश्नपत्रिका मराठीत निघते, पण ती मिळते महाराष्ट्रातल्या केंद्रांवर. म्हणजे आपल्या भाषेत परीक्षा द्यायला तुला कोगनोळीचा नाका ओलांडावा लागतो."

"ओलांडूनही उपयोग नव्हता. पी.यू.सी. सगळी इंग्रजीत केल्यावर मराठी प्रश्नपत्रिका घेऊन मी काय करणार होतो?" तो म्हणाला. मग थोडा थांबून, "पण मामा, माझ्याच शाळेतला, माझ्याच बाकावरचा अकोळचा मित्र त्याच इंग्रजी वर्गात पहिल्या झटक्यात पास झाला. त्याची आई विड्या वळते. मी तेव्हा तासांना दांडी मारून बसस्थानकावर बसत असे. इंग्रजी कळत नव्हते हे खरे कारण होते, आणि त्याच कारणाची मी सबबही केली. दोन्ही खरे आहे."

मी गप्प राहिलो. त्याच्या नापासात मला आमच्या दाव्याचा एक पुरावा हवा होता, हे त्या क्षणी मला प्रथम उमगले. आणि ज्या मुलावर माझे प्रेम आहे, त्याला मी साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे करू पाहत होतो, याची मला लाज वाटली.

"तरीही ऐक," मी काही वेळाने म्हणालो. "सामाईक खात्याच्या उताऱ्यावर सगळ्या हिस्सेदारांची नावे असतात, पण कोणती सरी कोणाची हे कोणी सांगू शकत नाही, म्हणून काही ती जमीन कोणी पडीक ठेवत नाही. तुझे अपयशही तसेच आहे. त्याची तक्सीम होणार नाही. शिवाय नियम तुझे दुःख मोजत नाही. तो रहिवास विचारतो आणि मातृभाषा विचारतो."

"नियम विचारत नाही, तेच मला विचारावे लागते आहे. नीटच्या गुणवत्ता यादीत माझे नापास झालेले वर्ष कुठेच दिसत नाही. बारावीला भौतिक, रसायन आणि जीवशास्त्रात निम्मे गुण असले की पुढे सगळे त्या 720 गुणांवर. माझ्यासारख्याला हे विसरणे म्हणजे दुसरा जन्मच झाला. पण त्याच विसरण्यात माझ्या त्या मित्राचे न चुकलेले वर्षही बुडाले. पहिल्या वेळी नीटमध्ये त्याला माझ्यापेक्षा जास्त गुण होते. मग माझ्या आप्पांनी तंबाखूच्या पट्टीतून पैसे देऊन मला वर्षभर कोल्हापुरास शिकवणीला ठेवले; तो दुकानात कामाला लागला आणि रात्री अभ्यास करून पुन्हा परीक्षेला बसला. यंदा तो माझ्या खाली आहे. त्या जागांच्या यादीत कदाचित लगेच खाली."

आपल्याकडे पडून उठलेल्याचे कौतुक फार होते, आणि ते व्हावेही. परंतु उठण्यासाठी लागणारे एक वर्ष कोणाच्या घरी शिल्लक असते आणि कोणाच्या घरी नसते, हे त्या कौतुकात कोणी विचारत नाही, आणि इतकी वर्षे मुलांना धीर देताना मीही ते कधी विचारले नव्हते. तू माघार घेतलीस तर ती जागा त्यालाच मिळेल याची शाश्वती काय, असे मी विचारले. शाश्वती नाही, हे त्यालाही ठाऊक होते. दान केल्याचे समाधान तुला मिळेल आणि रोग्यांना एक कळकळीचा डॉक्टर मिळणार नाही, असेही मी म्हटले. ते त्याला पटल्याचे दिसले, पण त्याने कागद काही पुढे ओढले नाहीत.

अर्जाची मुदत चार दिवसांची होती. निपाणीची गाडी चुकू नये म्हणून तो उठला.

"आधी अकोळला जाऊन त्याला सगळे सांगतो, मग भरतो."

"आणि भरू नकोस, असे तो म्हणाला तर?"

"तसे तो म्हणणार नाही, मामा," चपला घालता घालता तो म्हणाला. "म्हणून तर जायला जड वाटते."