पंचनाम्याचं कवच

‘पोलिसांचे हात बांधू नका’ हे वाक्य वडगाव निंबाळकरच्या बाजारात ऐकू येतं तसं इंदापूरच्या एसटी स्टँडवरही ऐकू येतं. रोहित्र फोडून तांबं नेलं, विहिरीवरची केबल कापली, उसाच्या हंगामात रात्री रस्त्यात ट्रॅक्टर अडवला, की ते हमखास येतं. बोलणारा बहुधा स्वतः नुकसान सोसलेला असतो, म्हणून कुणी त्याला उलटून विचारत नाही. पण वाक्य डाचत राहतं. कायद्याने, कोर्टाने आणि मानवी हक्कवाल्यांनी मिळून पोलिसांचे हात करकचून बांधले आहेत, असं त्यात बिनदिक्कत धरून चाललेलं असतं. कायद्याचं पुस्तक उघडलं तर वेगळंच दिसतं. ज्या माणसाला ठाण्यात बेकायदा डांबलं किंवा खोट्या गुन्ह्यात गोवलं, त्याला संबंधित पोलिसाविरुद्ध बारामतीच्या दिवाणी न्यायालयात नुकसानभरपाईचा दावा लावायचा असेल, तर हात बांधले जातात ते त्याचे.

त्यासाठी दिल्लीकडे बघायची गरज नाही. 1951 चा मुंबई पोलीस अधिनियम, ज्याला आता महाराष्ट्र पोलीस अधिनियम म्हणतात, त्याचं कलम 161 पाहावं. पोलिसाने कर्तव्याच्या नावाखाली केलेल्या कृत्याबद्दलचा दावा किंवा फौजदारी खटला कृत्याच्या तारखेपासून सहा महिन्यांच्या आत दाखल झाला नाही, तर न्यायालयाने तो ऐकायचाच नाही. दाव्याआधी त्या पोलिसाला किमान एक महिन्याची नोटीस द्यायची. फौजदारी खटल्याला राज्य सरकारची पूर्वमंजुरी असेल तर मुदत दोन वर्षांपर्यंत जाते, पण मंजुरी देणार तेच सरकार, ज्याचा तो नोकर. जामीन मिळवणं, हजेऱ्या देणं, वकिलाची फी जमवणं आणि बुडालेली मजुरी भरून काढणं यात सहा महिने कसे जातात ते कोर्टाची पायरी चढलेल्या कुणालाही सांगावं लागत नाही. अंगावर गुन्हा असताना गुन्हा लावणाऱ्यावरच दावा ठोकण्याचं धाडस फार थोडे करतात. बाकीचे निर्दोष सुटण्याची वाट पाहतात, आणि सुटतात तोवर मुदत कधीच सरलेली असते.

सरकारी नोकरावर खटल्यासाठी लागणारी पूर्वमंजुरी, म्हणजे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम 197, वर्तमानपत्र वाचणाऱ्याच्या परिचयाची आहे. सार्वभौम कार्याच्या नावाखाली सरकारने नुकसानभरपाई नाकारण्याची प्रथाही परिचयाची आहे. 1965 च्या कस्तुरीलाल खटल्यात पोलिसांनी जप्त केलेलं सोनं मालखान्यातून घेऊन हवालदार पाकिस्तानात पळाला, तरी व्यापाऱ्याच्या हाती काही लागलं नाही. पुढे 1993 च्या नीलाबती बेहेरा निकालाने घटनात्मक न्यायालयांचा दरवाजा उघडला आणि कोठडीतल्या मृत्यूबद्दल सरकारी तिजोरीतून भरपाई मिळू लागली. हे चांगलं झालं. पण त्यामुळे दिवाणी दाव्याची वाट कुणी दुरुस्त करायला घेतली नाही. मेलेल्याच्या नातेवाइकांसाठी उच्च न्यायालय आहे, मोडलेल्या हातानिशी जिवंत राहिलेल्यासाठी कलम 161 आहे.

अमेरिकेत याच प्रश्नावर गेली काही वर्षं रान पेटलं आहे. तिथे 1871 च्या कायद्याने नागरिकाला, त्याचे घटनात्मक हक्क तुडवणाऱ्या सरकारी माणसावर थेट दावा लावण्याचा अधिकार दिला. गुलामगिरीतून सुटलेल्या काळ्या माणसांना कू क्लक्स क्लॅनपासून आणि तिला सामील असलेल्या स्थानिक अंमलदारांपासून वाचवण्यासाठी तो कायदा आला. पुढे त्याच देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने 1967 मध्ये पोलिसांना सद्हेतूचं कवच दिलं. 1982 मध्ये हेतूचा प्रश्नच बाजूला ठेवून कसोटी बदलली: तुडवलेला हक्क आधीच स्पष्टपणे प्रस्थापित झालेला होता का? व्यवहारात याचा अर्थ असा झाला की जवळपास तशाच घटनेत आधी कुणी जिंकलेलं असेल तरच तुम्ही जिंकाल. आता योगायोग बघा. 1871 च्याच ऑक्टोबरात ब्रिटिश सरकारने हिंदुस्थानात गुन्हेगार जमाती कायदा आणला आणि काही जमातींच्या जन्मालाच संशयित ठरवलं. एकाच वर्षी एका देशात अंमलदाराला कोर्टात खेचण्याचा अधिकार जन्मला, दुसऱ्यात माणसाला ठाण्यात हजेरी लावण्याची सक्ती जन्मली. तो कायदा 1952 मध्ये देशभर रद्द झाला, पण चोरी झाली की आधी पारध्यांच्या पालांकडे वळायची सवय काही रद्द झाली नाही. जून 1998 मध्ये बारामतीत पिन्या हरी काळे हा पारधी मजूर पोलीस कोठडीत मेला. त्याच वर्षी फेब्रुवारीत पश्चिम बंगालमधल्या पुरुलियात बुधन सबर कोठडीत मेला होता. त्याने आत्महत्या केली असं कागद सांगत होते, कलकत्ता उच्च न्यायालयाला ते पटलं नाही. महाश्वेता देवी, गणेश देवी आणि लक्ष्मण गायकवाड यांनी विमुक्त-भटक्यांच्या हक्कांसाठी उभं केलेलं काम याच वर्षातलं आहे.

कागद काय सांगत होते, हाच खरा मुद्दा आहे. कलम 161 वरचे दोन निकाल शेजारी ठेवून वाचले की तो नीट दिसतो. 1966 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्र सरकार विरुद्ध आत्माराम या खटल्यात स्पष्ट सांगितलं की तपास करणं हे पोलिसाचं कर्तव्य असलं तरी तपासात मारहाण करणं आणि डांबून ठेवणं हे कर्तव्याच्या नावाखालीही बसत नाही, म्हणून त्याला सहा महिन्यांच्या मुदतीचं संरक्षण नाही. निकाल उत्तम आहे. पण त्याच्या काहीच वर्षं आधी याच कलमाखालचा विरुपाक्षप्पा कडमपूर खटला याच न्यायालयापुढे होता. तिथे गांजाच्या जप्तीचा खोटा पंचनामा आणि खोटा अहवाल केल्याचा आरोप हवालदारावर होता. न्यायालय म्हणालं की पंचनामा करणं, अहवाल पाठवणं हे त्याचं कामच होतं. ते खोटं केलं असलं तरी केलं कर्तव्याच्या नावाखालीच, म्हणून मुदत लागू आणि खटला बाद. सरकारी नोकराने कुणाला वाचवण्यासाठी खोटा दस्त करणं हा जुन्या दंड संहितेच्या कलम 218 खाली तीन वर्षांच्या शिक्षेचा गुन्हा होता. तो पोलिसाने केला तर सहा महिन्यांत शिळा होतो, असा याचा हिशेब झाला.

तर्काने पाहिलं तर दोन्ही निकाल सुसंगत आहेत. मारणं हे पोलिसाचं काम नाही, लिहिणं हे काम आहे. म्हणून मारणारा उघडा, लिहिणारा झाकलेला. पण मारहाण सिद्ध कशाने होते? स्टेशन डायरीने, अटकेच्या नोंदीने, वैद्यकीय तपासणीला नेल्याच्या वेळेने, पंचांच्या सह्यांनी. हाताला संरक्षण नाकारून लेखणीला दिलं की हाताला ते आपोआप मिळतं. पोलिसी अतिरेकावर आपल्याकडे जी चर्चा होते ती सगळी हाताभोवती फिरते: लाठी, पट्टा, गोळी. लेखणीकडे कुणी पाहत नाही. वास्तविक ज्यांनी महाराष्ट्र हादरला ती प्रकरणं लेखणीची आहेत. परभणीचा अभियंता ख्वाजा युनूस जानेवारी 2003 मध्ये पोलिसांच्या ताब्यातून नाहीसा झाला. नोंद अशी की औरंगाबादकडे नेताना गाडीला अपघात झाला आणि तो पळाला. तो कोठडीतच मेला आणि पळाल्याची गोष्ट रचलेली आहे, असा निष्कर्ष सीआयडीने काढला. तिने 14 पोलिसांवर बोट ठेवलं, सरकारने खटल्याची मंजुरी चौघांपुरती दिली. सांगलीत नोव्हेंबर 2017 मध्ये पोलिसांच्या ताब्यात असलेल्या अनिकेत कोथळे याच्याबद्दलही पोलिसांनी आधी तो पळून गेल्याचंच सांगितलं होतं. नंतर आंबोलीत त्याचा जाळलेला मृतदेह सापडला. हातांचा हिशेब वेगळा मागता येईल, पण ‘पळाला’ हा शब्द कुणीतरी शांतपणे, टेबलापाशी बसून लिहिलेला असतो.

कवचाचा सगळ्यात समर्थ वकील आपल्याकडचा नाही. अमेरिकन न्यायमूर्ती लर्नेड हँड यांनी 1949 मध्ये ग्रेगॉयर खटल्यात जे मांडलं ते आजही जगभर वापरलं जातं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: अप्रामाणिक अधिकाऱ्याला दाव्यातून जबाबदार धरता आलं तर छानच, पण दोषी कोण हे खटला चालल्यावरच कळतं. तोवर निर्दोष अधिकाऱ्यालाही खटल्याचा जाच सोसावा लागतो आणि त्या धास्तीने सगळेच कामात कच खातात. म्हणून काही अन्याय तसेच राहू देणं परवडलं. हे मत तुच्छतेने उडवून लावण्यासारखं नाही. आपल्याकडे तर नाहीच, कारण खटला हीच इथे शिक्षा असते आणि खोट्या तक्रारीचं हत्यार चोरापासून आमदाराच्या कार्यकर्त्यापर्यंत सगळ्यांना वापरता येतं. पण ते कोणत्या प्रकरणात मांडलं गेलं ते पाहावं. ग्रेगॉयर नावाच्या माणसाला जर्मन, म्हणजे शत्रूदेशाचा नागरिक, समजून जानेवारी 1942 मध्ये पकडलं. तो फ्रेंच आहे असं सुनावणी मंडळाने सांगूनही त्याला सप्टेंबर 1946 पर्यंत डांबून ठेवलं. इथे अंधार नव्हता, दगडफेक नव्हती, क्षणात घ्यायचा निर्णय नव्हता. साडेचार वर्षं फायली टेबलावरून टेबलावर फिरत होत्या आणि त्या फिरवणाऱ्यांना धास्ती वाटू नये म्हणून त्याचा दावा गेला. थोडी धास्ती वाटली असती तर काय बिघडलं असतं?

हँडच्या बाजूचा दुसरा मुद्दा पगाराचा आहे: शिपायाने लाखांची भरपाई कुठून द्यायची, घरदार विकायचं का? याला आकड्यांत उत्तर आहे. जोआना श्वार्त्झ या प्राध्यापिकेने अमेरिकेतल्या 44 मोठ्या पोलीस दलांचा 2006 ते 2011 या काळातला हिशेब तपासला. वादींना मिळालेल्या रकमेपैकी पोलिसांच्या स्वतःच्या खिशातून गेला तो वाटा 0.02 टक्के, बाकीचं सगळं स्थानिक शासनांनी भरलं. म्हणजे ज्या दिवाळखोरीची भीती घालून कवच टिकवलं जातं ती जवळपास घडतच नाही. कोलोराडो राज्याने 2020 मध्ये हे कवच काढताना शिपायाच्या वैयक्तिक भरण्याला मर्यादा घातली: सद्हेतू नव्हता असं ठरलं तरच, आणि तेव्हाही रकमेच्या पाच टक्के किंवा 25,000 डॉलर, यांतलं जे कमी असेल ते. आपल्याकडेही भरपाई सरकारच देतं आणि शिपायाने ती भरावी असा आग्रह मी धरणार नाही. पैसा तिजोरीतून गेला तरी चालेल. उलटतपासणीत उभं राहून ‘ही नोंद तू कधी केलीस’ याचं उत्तर मात्र ज्याने नोंद केली त्यालाच द्यावं लागलं पाहिजे.

इथपर्यंत आल्यावर सरळ म्हणावंसं वाटतं की कवच काढा. माझाही कल तिकडेच होता. पण हात आणि लेखणी हा भेद मी मानत असेन तर तो दोन्ही बाजूंनी मानायला हवा. रात्री दोन वाजता नीरा डाव्या कालव्याच्या भरावावर, दोनच माणसं बरोबर असताना, अंधारात पळणाऱ्याला अडवणारा शिपाई एखाद्या वेळी निरपराध माणसाला आडवा पाडेल, त्याचा खांदाही निखळेल. त्याला विचार करायला दोन सेकंद होते आणि मला ही ओळ लिहायला हवा तेवढा वेळ आहे. प्रामाणिक समजातून घाईत झालेल्या अशा चुकीबद्दल त्याला कोर्टाच्या फेऱ्यांपासून संरक्षण असावं, असं मला आता वाटतं. जखमी माणसाची भरपाई सरकारने द्यावी. मात्र ठाण्यात परतल्यावर, चहा पिऊन झाल्यावर, तो निखळलेला खांदा ‘पळताना पडून’ असा लिहिला गेला, तर तिथून पुढे कोणतंही संरक्षण नको, ना शिपायाला ना सही करणाऱ्या वरिष्ठाला. अमेरिकेत न्यायमूर्ती क्लॅरेन्स थॉमस यांनी 2021 मध्ये हाच प्रश्न उलट टोकाने विचारला होता. धोक्यात क्षणभरात निर्णय घेणाऱ्या पोलिसाचं संरक्षण, बसून विचार करायला सवड असलेल्या विद्यापीठाच्या अधिकाऱ्यांना का द्यायचं? थॉमस यांच्याशी माझं फार क्वचित पटतं, इथे पटतं.

यावर कुणी म्हणेल की अशाने शिपाई खरं लिहिणार नाहीत, फक्त जपून लिहितील किंवा लिहिणारच नाहीत. आक्षेप खरा आहे. पण न केलेली नोंद आता पूर्वीइतकी सुरक्षित राहिलेली नाही. डिसेंबर 2020 मध्ये परमवीर सिंग सैनी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक पोलीस ठाण्यात कॅमेरे लावून चित्रण 18 महिने, ते जमलं नाही तर किमान एक वर्ष, जपायचा आदेश दिला. किती ठाण्यांत कॅमेरे नेमके हव्या त्या वेळी बंद असतात ही वेगळी रडकथा आहे. आदेश मात्र आदेश आहे. त्याप्रमाणे ठाण्यातल्या खोलीचं चित्रण दीड वर्ष जिवंत राहतं आणि त्या चित्रणाने खोटी ठरणाऱ्या नोंदीवर दावा करण्याचा हक्क सहा महिन्यांत मरतो.

दुसरा आक्षेप असा की असे खटले टिकत नाहीत, तेव्हा मुदत वाढवून उपयोग काय? राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकड्यांप्रमाणे 2001 ते 2020 या वीस वर्षांत देशात कोठडीतले 1,888 मृत्यू नोंदले गेले, पोलिसांवर 893 गुन्हे दाखल झाले, 358 जणांवर आरोपपत्र गेलं आणि दोषी ठरले 26. हे आकडे बघून हताश व्हायला होतं. पण फौजदारी खटल्यात संशयाचा फायदा आरोपीला मिळतो आणि साक्षीदार म्हणजे बहुधा त्याच ठाण्यातले सहकारी. दिवाणी दाव्यात शक्यतेचं पारडं कुठे झुकतं एवढंच पाहतात. खोटी नोंद तिथे सिद्ध होण्याची शक्यता जास्त, आणि नेमका तोच दरवाजा आपण सगळ्यात आधी बंद करतो.

नव्या नागरिक सुरक्षा संहितेने एक सुधारणा केली आहे: सरकारी नोकरावरच्या खटल्याच्या मंजुरीच्या अर्जावर सरकारने 120 दिवसांत निर्णय घेतला नाही तर मंजुरी दिली असं धरायचं. फाइल दाबून ठेवण्याला थोडा आळा बसेल, सरळ नकार देण्याला बसणार नाही. कलम 161 ला तर तिचा स्पर्शही झालेला नाही, कारण तो राज्याचा कायदा आहे. 2014 मध्ये पोलीस तक्रार प्राधिकरणासाठी याच अधिनियमात दुरुस्ती झाली तेव्हाही ते कलम जसंच्या तसं राहिलं. त्यात खोट्या नोंदीचा अपवाद घालायला आणि दाव्याची मुदत किमान चित्रण जपण्याच्या मुदतीइतकी करायला संसद लागत नाही. मुंबईत विधिमंडळाचं एक अधिवेशन पुरेल. बारामती आणि इंदापूरचे आमदारही तिथेच बसतात. ‘हात बांधू नका’ म्हणणाऱ्या मतदाराला घाबरायचं त्यांनाही कारण नाही, कारण या दुरुस्तीत कुणाच्या हाताला धक्का लागत नाही.